टोपीच्या काठाखाली दोन बोटं

राजेशने ती प्लास्टिकची टोपी मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी दोन बोटांत धरून उचलली आणि शिलाई मशीनवर टाकली.

"बापाला ज्यांनी मारलं, त्यांच्या टोप्या शिवतेस?"

"ठेव ती. सुईत अडकेल."

"मी काय विचारतोय, ताय?"

अक्षदाने मशीन बंद केलं. लालबागच्या गल्लीतलं तिचं दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीला टांगलेले कागदी साचे. पंधरा वर्षं तिने लोअर परळच्या कपड्यांच्या कारखान्यात असे साचे कापले होते. कारखाना भिवंडीला गेला, ती गेली नाही. धाकटा भाऊ राजेश डिलाईल रोडच्या चाळीत वडिलांच्या खोलीत राहायचा आणि केबल टाकणाऱ्या कंपनीत कामाला होता. दुकानात तो सहसा येत नसे. आज आला होता तो हेल्मेट हातात घेऊन, भांडायच्या तयारीने.

"त्यांची नाही ही टोपी," ती म्हणाली. "एका इंजिनिअर बाईची आहे. परत असं कुणाचं होऊ नये म्हणून करतायत."

"आणि तू फुकट शिवतेस."

"पैसे देणार आहेत."

"मग तर अजून छान. तक्रारीचा अर्ज मी लिहायचा, खेटे मी घालायचे, आणि शाणी बहीण त्यांच्याकडून पगार घेणार." त्याने बॅगेतून फाइल काढून टेबलावर आपटली. "वाच. शेवटचा मुद्दा मीच घातलाय. वकील म्हणाला, ह्याच मुद्द्यावर डॉक्टर अडकणार."

तिने वाचलं. शेवटच्या मुद्द्यात लिहिलं होतं की ऑपरेशनच्या कागदावरचं 'जागा नातेवाइकांनी दाखवल्याप्रमाणे' हे वाक्य डॉक्टरांनी मागाहून घुसडलेलं असून ते धडधडीत खोटं आहे. कुटुंबातल्या कुणीही कोणतीही जागा दाखवलेली नाही.

"बरोबर आहे ना?" राजेशने विचारलं.

अक्षदाने फाइल बंद केली. "मला हे काम संपवायचंय," ती म्हणाली.

त्याला ते होकारासारखं वाटलं असणार. जाता जाता त्याने टोपीला पुन्हा एक टिचकी मारली.

वडील कुशाबा जाऊन चार महिने झाले होते. कुशाबा गिरणीत होते तोवर सावलीत होते. गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या गोदामांबाहेर त्यांनी वीस-बावीस वर्षं हमाली केली, आणि तिथे ऊन थेट विरळ होत गेलेल्या डोक्यावर यायचं. म्हातारपणी टाळूवर तपकिरी, खरखरीत डाग उठले. मागच्या बाजूचा एक डाग सारखा खपली धरायचा, सारखा फुटायचा. परळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं, तिथे त्यांनी वरचा पापुद्रा तपासणीला काढून घेतला. कॅन्सर निघाला. लहान आहे, वेळेत आलात, एवढा भाग कापून टाकला की झालं, असं सांगितलं. ऑपरेशनची तारीख मिळाली सात आठवड्यांनंतरची.

त्या जखमेचं ड्रेसिंग अक्षदा करायची. कुशाबा सफेद टोपी घालायचे, तीही तिनेच शिवलेली. टोपी काढली की कपाळापासून मानेपर्यंत सगळं डोकं सारखंच दिसायचं, म्हणून तिने आपल्यापुरती खूण ठरवली होती. टोपी डोक्यावर ठेवायची. मागच्या काठाखाली दोन बोटं, मधल्या टिपेच्या डावीकडे एक बोट. तिथे जखम. आयुष्यभर ज्या हातांनी मापं घेतली, त्यांना हे सहज सुचलं.

तिसऱ्या आठवड्यात गावी कुशाबांचे थोरले भाऊ रघु वारले. कुशाबा तिकडे दहाव्याला गेले. दहाव्याला केस काढू नका, असं तिने फोनवर सांगून पाहिलं होतं. "म्हणजे भावासाठी केस पण नको काढू, गो?" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. परत आले ते गुळगुळीत डोकं घेऊन आणि मागे वस्तऱ्याची एक चीर घेऊन. टोपी सैल होऊन कानांवर यायला लागली. अक्षदाने ती त्याच संध्याकाळी उसवून अर्धा इंच आत घेतली. मग दोन-तीन आठवड्यांत केस पुन्हा उगवले. आवळलेली टोपी आता बोटभर वर बसायला लागली. हे तिच्या लक्षात आलं नाही. ड्रेसिंग तर तोवर थांबलंच होतं. जखम भरून आली होती.

ऑपरेशनच्या दिवशी राजेश खाली पैसे भरत होता. डॉक्टर अवधूत आत आले, कुशाबांचं डोकं इकडून तिकडून चाचपलं आणि म्हणाले, "ह्यातली कुठली हो?" कुशाबांना आपल्या डोक्याची मागची बाजू कशी दिसणार? अक्षदा पुढे झाली. तिने पिशवीतून टोपी काढली, डोक्यावर ठेवली, काठाखाली दोन बोटं धरली, डावीकडे एक बोट. तिथे एक पांढुरका व्रण होता. "ही," ती म्हणाली. नक्की का, असं डॉक्टरांनी विचारलं. ती हसली होती. म्हणाली होती, "माझं माप चुकत नाही, डॉक्टर."

त्यांनी वस्तऱ्याची चीर कापून काढली. तिच्यात कॅन्सर नव्हता, म्हणून अहवाल स्वच्छ आला. अक्षदाने अख्ख्या चाळीत पेढे वाटले. दहा महिन्यांनी मानेत गाठ आली, आणि मग फार वेळ लागला नाही.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. राजेशने कागदावरचं ते वाक्य पहिल्यांदा वाचलं आणि "कोण नातेवाईक? कुणी दाखवलं? साले खोटारडे!" म्हणून ओरडला, तेव्हा सांगता आलं असतं. ती गप्प बसली. एकदा गप्प बसल्यावर रोजच गप्प बसावं लागलं.

इरावती नावाची ती इंजिनिअर बाई पंधरा दिवसांपूर्वी स्वतः दुकानात आली होती. गिरगावात तिची छोटी कार्यशाळा होती, दवाखान्यांसाठी स्वस्तातली साधनं करायची. अंगावर खादीचा कुर्ता, बोलणं पुण्याचं. तक्रार झाल्यावर ट्रस्टने तिला बोलावलं होतं.

"तुमच्या वडिलांच्याच केसवरून सुरुवात झाली," ती म्हणाली होती. "तुम्ही साचे कापता हे कळलं, म्हणून म्हटलं ह्या कामात घरचं कुणी असावं."

"का? फोटो काढायला?"

इरावतीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि टोपी पुढे ठेवली. पातळ प्लास्टिक, काठाला इलॅस्टिक, सगळीकडे भोकं. प्रत्येक भोकाशेजारी अक्षर आणि आकडा. तपासणीचा तुकडा काढायच्या दिवशी टोपी चढवायची, जखम ज्या भोकात दिसेल त्याचं नाव कागदावर लिहायचं. ऑपरेशनच्या दिवशी तीच टोपी चढवायची आणि त्याच भोकातून पेनाने खूण करायची. कॅमेरा नको, वीज नको. तालुक्याच्या दवाखान्यालाही परवडेल.

टोपी पाहताच अक्षदाला काठाखालची आपली दोन बोटं आठवली होती. तिने काम घेतलं ते त्यामुळेच.

राजेश गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि नाटकाच्या विगांसाठी ठेवलेल्या लाकडी डोक्यावर टोपी चढवली. 'ड सात' ह्या भोकातून खडूची खूण केली. मग विग घालून वर टोपी चढवली, तेव्हा 'ड सात' दोन बोटं वर सरकलं. विग काढून पुन्हा चढवली, खूण जागेवर आली नाही. इलॅस्टिक ह्या वेळी कानामागे वेगळं बसलं होतं. सहा वेळा केलं, सहा ठिकाणी खुणा पडल्या. लाकडी डोकं देवीचे व्रण असल्यासारखं दिसायला लागलं.

तिने इरावतीला फोन लावला.

"ही चालणार नाही."

"शिवण उसवतेय का?"

"शिवण ठीक आहे. टोपीच चालणार नाही. केस वाढले, काढले, तेल लावलं, की ती हलणार."

"दोन-चार मिलिमीटर आम्ही धरलेत, ताई."

"दोन-चार नाही. बोटं मोजा."

"हे तुम्ही कशावरून म्हणता?" इरावतीचा आवाज थंड झाला. "आमच्याकडे बारा पेशंटची आकडेवारी आहे."

"मधे किती दिवस गेले होते? केस वाढले होते त्यांचे?"

"एकाच दिवशी दोनदा घातली."

"मग काय मोजलंत तुम्ही?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "अक्षदाताई, तुमच्या भावना मी समजू शकते. पण तुम्ही शिवून द्या, डिझाइनचं आम्ही बघू. शुक्रवारी सगळ्यांसमोर दाखवायचंय."

"माझ्या भावना तुम्ही समजू नका," अक्षदा म्हणाली. "टोपी समजून घ्या." आणि फोन ठेवला.

पुढचे चार दिवस तिने ब्लाउजची कामं बाजूला सारली. टोपीला धरायला काही नसतं, हे तिला आता कळलं होतं. केस वाढतात, कातडी सैल होते, हाड मात्र हलत नाही. ब्लाउजच्या टक्सचा, म्हणजे छातीखालच्या चुण्यांचा, बिंदू काढायचा तर खांद्यापासून एक माप घेतात, मधल्या रेषेपासून दुसरं. दोन्ही जिथे मिळतात तो बिंदू. तिने मोजपट्टीचे तीन तुकडे एका छोट्या कडीला टाचले. एक पट्टी डाव्या कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यापर्यंत, दुसरी उजव्या कानापर्यंत, तिसरी नाकाच्या मुळाशी डोळ्यांमधल्या खळग्यापर्यंत. कडी जखमेवर धरायची आणि तीन आकडे लिहायचे. दोन आकड्यांत जागा सापडते. तिसरा न जुळला तर समजायचं, कुठेतरी चुकलंय. लाकडी डोक्यावर विगासकट आणि विगाविना तिने दहादा मोजलं. खडूच्या दहाही खुणा एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या.

झोपेतही तिला एकच प्रश्न पडायचा. हे चालतं एवढं सांगून भागेल का? की टोपी का चालत नाही, हे कशावरून कळलं, तेही सांगावं लागेल?

शुक्रवारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत वीसेक माणसं होती. ट्रस्टी, डॉक्टर, दोन-तीन नर्स. तक्रारदारांनाही पत्र गेलं होतं. राजेश मागच्या रांगेत फाइल मांडीवर घेऊन बसला होता. अक्षदा त्याच्याजवळून गेली तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "जा, पुढे बस. चहा-बिस्कीट मिळेल."

इरावतीने प्लास्टिकच्या पुतळ्याच्या डोक्यावर टोपी चढवली, काढली, चढवली. भोक जागच्या जागी आलं. टाळ्या पडल्या. डॉक्टर अवधूत पहिल्या रांगेतून म्हणाले, "हे आधी असतं तर काही लोकांचे गैरसमज झाले नसते." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण राजेशची खुर्ची करकरली.

अक्षदा उठली.

"पुतळ्याला केस नाहीत," ती म्हणाली.

"प्रश्न शेवटी घेऊ या," इरावती म्हणाली.

"प्रश्न नाहीच आहे. मॅडम, तुम्ही खुर्चीवर बसा."

"आत्ता?"

"तुमचीच टोपी आहे. भीती कसली?"

लोक बघत होते, म्हणून इरावती बसली. तिच्या केसांचा घट्ट अंबाडा होता. अक्षदाने टोपी चढवली आणि 'ड सात'मधून तिच्या भांगाशेजारी पेनाचा ठिपका दिला. टोपी काढली. "आता अंबाडा सोडा." इरावतीचे ओठ आवळले गेले, पण तिने पिना काढल्या. अक्षदाने टोपी पुन्हा चढवली आणि नर्सला हाक मारली. "बघा सिस्टर, ठिपका कुठाय?"

नर्स वाकली. "ह्या भोकात नाही. ह्याच्यात पण नाही... हा, इथे आहे. ण पाच."

"दोन ओळी खाली, दोन घरं बाजूला," अक्षदा म्हणाली. "एवढ्यात माणूस जातो."



"बाई," डॉक्टर अवधूत म्हणाले, "बारा पेशंटवर केलेलं काम तुम्ही एका अंबाड्यावरून निकालात काढताय?"

"एका डोक्यावरून काढतेय. कुशाबांच्या." तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. "त्यांच्या जखमेची खूण मी टोपीवरून धरली होती. काठाखाली दोन बोटं. मध्ये त्यांचे केस काढले, मी टोपी आवळली, केस वाढले. टोपी वर चढली आणि माझी दोन बोटं वस्तऱ्याच्या चिरेवर पडली. तीच मी डॉक्टरांना दाखवली. कागदावर जो नातेवाईक आहे, तो मी आहे. ते वाक्य खरं आहे."

मागे फाइल खाली पडली.

"काय बोलतेस तू?" राजेश उभा होता. "ए ताय. काय बोलतेस?"

"मी दाखवली, राजेश. तू खाली पैसे भरत होतास."

"चार महिने माझ्या तोंडाकडे बघत बसलीस? मी वकिलाला सांगितलं, चाळीत सांगितलं, अख्ख्या गावाला सांगितलं की डॉक्टर खोटं लिहितात. आणि तू मान हलवत होतीस?"

"मान हलवली नाही. गप्प बसले."

"मोठा उपकार केलास!"

डॉक्टर अवधूत उठून जवळ आले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "हे लेखी द्याल का, बाई? दोन ओळी पुरेत."

त्या मऊपणाचा तिला राजेशच्या ओरडण्यापेक्षा जास्त संताप आला.

"देते. पण आधी सांगा, तुकडा काढला त्या दिवशी तुम्ही जागा काय लिहिली होती?"

"ते शिकाऊ रेसिडेंट डॉक्टरने लिहिलं होतं."

"सही तुमची आहे. काय लिहिलं होतं?"

"डोक्याची मागची बाजू."

"बास?"

"तशीच पद्धत असते."

"माझ्या दुकानात कुणी 'पाठीवर गळा' एवढंच लिहून दिलं, तर मी कापडाला कात्री लावत नाही. तुम्ही सात आठवड्यांनी शिंपिणीला विचारलंत, कुठे कापू? आणि तिने सांगितलं तिथे कापलंत. अहवाल स्वच्छ आला तेव्हाही तुम्हांला वाटलं नाही की एवढा कॅन्सर गेला कुठे?"

"तसं पुष्कळदा होतं," डॉक्टर म्हणाले. "तुकड्यातच सगळं निघून गेलेलं असतं."

"पुष्कळदा. मग नसेल तेव्हा कळतं कसं?"

डॉक्टरांनी ट्रस्टींकडे पाहिलं. ट्रस्टींनी पंख्याकडे पाहिलं.

अक्षदाने कोरा कागद मागून घेतला. उभ्यानेच लिहिलं. पहिल्या वाक्यात, चुकीची जागा आपण दाखवली. दुसऱ्यात, तुकडा काढताना दवाखान्याने जागेचं कोणतंही माप घेतलं नव्हतं आणि ऑपरेशनच्या दिवशी आपल्या सांगण्याशिवाय दुसरा आधार त्यांच्यापाशी नव्हता. खाली सही केली आणि पेन डॉक्टरांपुढे धरलं.

"मी कशाला सही करायची?"

"दुसरं वाक्य तुमचं आहे."

"हे बघा, मला ह्याची काही गरज नाही."

"करा सही, डॉक्टर." इरावती अजून खुर्चीतच होती, केस मोकळे, कपाळावर इलॅस्टिकचा वळ. अक्षदाकडे ती पाहतही नव्हती. "नाहीतर माझ्या अहवालात दोन्ही वाक्यं मला घालावी लागतील. तो ट्रस्टच्या देणगीदारांना जातो."

अवधूतांनी सही केली. पेन त्यांनी टेबलावर असं टाकलं की ते घरंगळत खाली गेलं. कुणी उचललं नाही.

मग अक्षदाने पिशवीतून तीन पट्ट्यांची कडी काढून इरावतीच्या हातात ठेवली आणि काय कुठे धरायचं ते चार वाक्यांत सांगितलं. इरावतीने ती नर्सच्या डोक्यावर धरून पाहिली. एकदा, मग पुन्हा. तीन आकडे तेच आले.

"हे फोनवर सांगता आलं असतं तुम्हांला," ती हळू आवाजात म्हणाली. "वीस माणसांत मला तोंडघशी पाडायची गरज नव्हती."

"होती. फोनवर तुम्ही मला शिवायला सांगितलं होतंत."

इरावतीने पट्ट्या गुंडाळल्या. "सोमवारी या. दहा वाजता. उशीर केलेला मला चालत नाही."

"मलाही," अक्षदा म्हणाली.

खाली फाटकाशी राजेश मोटरसायकलवर बसून होता. हेल्मेट टाकीवर, चेहरा रस्त्याकडे. ती जवळ जाऊन उभी राहिली तरी त्याने पाहिलं नाही.

"डॉक्टरने सही केली?"

"केली."

"आण इकडे."

तिने कागद दिला. त्याने दोन्ही वाक्यं वाचली, दुसऱ्यांदा वाचली आणि कागद फाइलमध्ये अर्जाच्या मागे लावला. शेवटच्या मुद्द्यावर त्याने पेनाने आडवी रेघ मारली, कागद फाटेल इतक्या जोराने.

"अर्ज मी मागे घेणार नाही," तो म्हणाला. "फक्त आता त्यात दोन नावं राहतील. त्याचं आणि तुझं."

"राहू देत."

"राहू देत काय? माझ्या हाताने माझ्या बहिणीचं नाव लिहिणार मी! आत्याला काय सांगू? मनूकाकाला काय सांगू?"

"मी सांगेन."

"तू आता कुणाला काही सांगू नकोस. तुझं सांगणं झालं." त्याने हेल्मेट चढवलं. काचेआडून आवाज घोगरा येत होता. "आणि गावाला येऊ नकोस. बाबांच्या वर्षश्राद्धाला पण नको. मी करेन एकटा."

"येणार मी."

"ताय, मी तोंड पण बघणार नाही तुझं."

"नको बघूस. बोलू पण नकोस. बाजूच्या पानावर बसवू नकोस." तिचा आवाज चढला नाही, पण फाटकावरचा वॉचमन वळून पाहू लागला. "पण त्यांचं वर्षश्राद्ध आहे, मी येणार. आदल्या दिवशी येईन. स्वयंपाकाला हात लावू द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा."

राजेशने किक मारली. गाडी सुरू झाली नाही. दुसऱ्यांदा मारली. अक्षदा तिथेच उभी राहिली, आणि तिसऱ्या किकेला गाडी सुरू होऊन परळच्या रस्त्याला लागेपर्यंत ती बाजूला झाली नाही.